पत्राचा वेश आणि पत्राचा अर्थ

कोणत्याही पत्राची किंमत ते धाडणाऱ्याच्या टेबलावर ठरत नाही. ज्याच्या हाती ते पडते, त्याच्या वाचनात ती ठरते. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिनकोडची पद्धत सुरू झाली, तिच्यामागे श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याची व संस्कृत पंडिताची योजना होती. एकाच नावाची अनेक गावे आणि निरनिराळ्या लिपींत लिहिलेले पत्ते यांमुळे टपालाचा जो घोटाळा होत असे, तो सहा आकड्यांनी पुष्कळसा मिटवला. महाराष्ट्रात तर शिरूर नावाची तालुक्याची ठिकाणेच तीन आहेत : पुणे जिल्ह्यातील घोडनदीकाठचे शिरूर, लातूर जिल्ह्यातील शिरूर अनंतपाळ आणि बीड जिल्ह्यातील शिरूर कासार. पिनकोडाने पत्र योग्य त्या शिरूरला पोहोचण्याची हमी दिली. ते पत्र वाचता येईल की नाही, याची हमी देण्याची गरज मात्र टपालखात्याला कधी पडली नाही. कारण कागदावर जे लिहिले तेच कागदावर उतरत असे.

ई-मेलच्या बाबतीत नेमके उलट घडते. पत्ता चुकला नाही तर पत्र क्षणार्धात पोहोचते. परंतु ज्या रूपात ते धाडले त्या रूपात ते पोहोचेलच याचा भरवसा नाही. धाडणाऱ्याच्या पडद्यावर सुबक दिसणारे पत्र दुसऱ्याच्या पडद्यावर विस्कटलेले, तिसऱ्याच्या पडद्यावर अर्धे कापलेले आणि चौथ्याच्या पडद्यावर कोरे असू शकते. हा प्रश्न वरवर पाहता संगणक-तंत्रज्ञांच्या घरचा वाटतो. अर्ज, शुल्क, परीक्षा, शिष्यवृत्ती आणि बँक यांचा व्यवहार ज्या प्रमाणात ई-मेलवर येऊ लागला आहे, त्या प्रमाणात मात्र तो शिक्षकांचा, लिपिकांचा आणि विद्यार्थ्यांचा प्रश्न झाला आहे.

शिरूर कासारसारख्या तालुक्यात तर त्याला आणखी एक बाजू आहे. सिंदफणेच्या खोऱ्यातील हा भाग अवर्षणाचा. दसरा झाला की येथील असंख्य कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. या महिन्यांत दाराला कुलूप असते आणि पोस्टमनने आणलेले पत्र त्या कुलपापाशी थांबते. ई-मेलचा पत्ता मात्र कुटुंबाबरोबर हिंडतो. घर हलले तरी न हलणारा असा हा पत्ता आहे, आणि स्थलांतर करणाऱ्या कुटुंबातील विद्यार्थ्याच्या दृष्टीने त्याचे मोल शहरातील विद्यार्थ्यापेक्षा अधिक आहे. असे पत्र फडावर, लहानशा मोबाईलवर, जेमतेम मिळणाऱ्या नेटवर्कवर उघडले जाते. तेथे ते वाचता आले नाही तर ते मिळूनही न मिळाल्यासारखेच होय.

वेशाची भाषा

मजकुरातील मथळा कोणता, परिच्छेद कोणता, तक्ता कोणता हे यंत्राला सांगणारी खुणांची भाषा म्हणजे एचटीएमएल. त्या मथळ्याचा रंग, परिच्छेदाची रुंदी, दोन ओळींमधील अंतर यांविषयीच्या सूचना लिहिण्याची भाषा म्हणजे सीएसएस. पहिली भाषा अर्थ सांगते, दुसरी वेश ठरवते. हाकोन व्यूम ली यांनी १९९४ साली सीएसएसची कल्पना मांडली आणि डिसेंबर १९९६ मध्ये तिच्या पहिल्या आवृत्तीला प्रमाण म्हणून मान्यता मिळाली. त्याआधी संकेतस्थळांची मांडणी तक्त्यांच्या आधारे होत असे. तक्त्याच्या एका घरात चित्र, दुसऱ्यात मजकूर, तिसरे घर केवळ मोकळी जागा सोडण्यासाठी, अशी ती कसरत होती. सीएसएस प्रगत होत गेली तशी ही कसरत संपली. २०१२ साली पडद्याच्या रुंदीप्रमाणे मांडणी बदलण्याच्या सूचनेला मान्यता मिळाली. २०१७ साली प्रमुख ब्राउझरांनी ‘ग्रिड’ ही चौकटीची प्रगत रचना स्वीकारली. आज संकेतस्थळ घडवणाऱ्याला तक्त्यांचा आधार घ्यावा लागत नाही.

ई-मेलची वाट मात्र निराळी झाली. रे टॉमलिन्सन यांनी १९७१ साली संगणकांच्या जाळ्यावरून पहिले पत्र धाडले, तेव्हा पत्र म्हणजे केवळ अक्षरे होती. १९९२ साली ‘माइम’ हे प्रमाण आले आणि एकाच पत्रात साधा मजकूर, सजवलेला मजकूर आणि चित्रे एकत्र पाठवण्याची सोय झाली. ४ जुलै १९९६ रोजी सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी हॉटमेल सुरू केले. त्या नावाच्या रोमन स्पेलिंगात एचटीएमएलची चार अक्षरे हेतुपुरस्सर गुंफलेली होती. म्हणजे वेबवरचे पत्र सीएसएसला मान्यता मिळण्याच्या पाच महिने आधीच लोकांच्या हाती आले. त्यानंतरच्या काळात ब्राउझर एका प्रमाणाकडे सरकत गेले, पत्र दाखवणारी साधने मात्र आपापल्या मार्गाने गेली.

त्याची कारणे समजून घेतल्याशिवाय कोणालाही दोष देणे योग्य होणार नाही. जीमेलसारखी सेवा पत्र दाखवते ते स्वतःच्या पानाच्या पोटात. पत्रातील वेशसूचना जशाच्या तशा पाळल्या तर त्या पत्राबाहेर सांडून जीमेलच्याच बटनांचे आणि मथळ्यांचे रूप बिघडवू शकतील. एखादा लबाड माणूस तर वाचकाला फसवण्यासाठीच तसे करील. म्हणून जीमेल अशा सूचना चाळणीतून गाळून घेते. मायक्रोसॉफ्टचे कारण वेगळे होते. २००७ सालच्या आउटलुकपासून त्या कंपनीने पत्र दाखवण्याचे काम ब्राउझरच्या यंत्रणेकडून काढून ‘वर्ड’ या लेखनसाधनाच्या यंत्रणेकडे दिले. पत्र लिहिण्याची सोय उत्तम व्हावी हा त्यामागचा हेतू. २००९ साली आराखडेकारांनी त्याविरुद्ध जाहीर मोहीम चालवली, तरी कंपनीने आपला निर्णय बदलला नाही. पत्र लिहिणाऱ्याची सोय पाहताना ते वाचणाऱ्याची गैरसोय झाली, हे या निर्णयाचे सार होय.

एका पत्राची तीन रूपे

एखाद्या महाविद्यालयाने परीक्षेच्या वेळापत्रकाचे एकच पत्र तिघांना धाडले, असे समजू या. शिरूर कासारचा विद्यार्थी ते मोबाईलवर जीमेलमध्ये उघडतो. कार्यालयातील लिपिक ते जुन्या संगणकावरील आउटलुकमध्ये पाहतो. पुण्यास नोकरीला असलेला विद्यार्थ्याचा भाऊ ते आयफोनवर वाचतो. आयफोनवरील ॲपलच्या मेलमध्ये आधुनिक सीएसएस जवळजवळ पूर्णपणे चालते. भावाला पत्र हुबेहूब दिसते. जीमेल पडद्याच्या रुंदीनुसार बदलण्याच्या सूचना २०१६ पासून पाळते. ग्रिड मात्र पाळत नाही. विद्यार्थ्याने जीमेलच्या ॲपमध्ये दुसऱ्याच एखाद्या सेवेचा पत्ता जोडला असेल, तर पत्राच्या आरंभी एकत्र लिहिलेल्या वेशसूचना तेथे मुळीच लागू होत नाहीत. लिपिकाच्या आउटलुकला गोलाई दिलेले कोपरे कळत नाहीत, कमाल रुंदीची मर्यादा कळत नाही, पार्श्वभूमीचे चित्रही कळत नाही.

यातले प्रत्येक नुकसान सारखे नसते, आणि या विषयातील सर्व विवेक हा फरक ओळखण्यात आहे. बटनाचे गोल कोपरे आउटलुकमध्ये चौकोनी झाले तर कोणाचे काही बिघडत नाही. परंतु वेळापत्रक ग्रिडमध्ये दोन स्तंभांनी मांडले, पहिल्या स्तंभात सर्व तारखा आणि दुसऱ्यात सर्व विषय लिहिले, तर ग्रिड न कळणाऱ्या साधनात आधी एकाखाली एक सगळ्या तारखा येतील आणि त्यांच्या खाली सगळे विषय. कोणत्या दिवशी कोणता पेपर, हे त्यातून कळणार नाही. पत्राचा वेश उतरताच त्याचा अर्थही उतरला. हेच वेळापत्रक खऱ्याखुऱ्या तक्त्यात, एका आडव्या ओळीत तारीख आणि विषय असे लिहिले असते, तर सर्व सजावट गळून पडली तरी ओळ शाबूत राहिली असती. पहिले नुकसान रंगाचे होते. दुसरे विद्यार्थ्याच्या एका वर्षाचे ठरू शकते.

कुर्डुवाडीचा धडा

ही अवस्था मराठवाड्याला नवी नाही. १८९७ साली एव्हरर्ड कॅलथ्रॉप यांच्या प्रयत्नाने बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. तिचा मार्ग अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटरचा अरुंद होता. खर्च कमी, वळणे घेणे सोपे. आपल्यापुरता तो निर्णय अत्यंत शहाणपणाचा होता. पुढे हा मार्ग एका बाजूस लातूरपर्यंत आणि दुसऱ्या बाजूस मिरजेपर्यंत वाढला. परंतु कुर्डुवाडीला मुंबईकडे जाणारा मुख्य मार्ग रुंद होता. त्यामुळे लातूरकडचा माल तेथे एका डब्यातून उतरवून दुसऱ्या डब्यात चढवावा लागे. वेळ, हमाली आणि नासधूस यांचा भुर्दंड मार्ग आखणाऱ्यावर पडला नाही, तो मालावर पडला. लातूर-कुर्डुवाडी मार्ग रुंद होण्यास एकविसाव्या शतकाचे पहिले दशक उजाडावे लागले.

अर्थशास्त्रात या प्रकाराला मार्गावलंबन म्हणतात. अमेरिकन अर्थतज्ज्ञ पॉल डेव्हिड यांनी १९८५ साली टंकलेखन यंत्राच्या कळफलकाचे उदाहरण घेऊन ते विशद केले : आरंभीची एखादी निवड, मग ती काही कारणाने झालेली असो, तिच्याभोवती सवयी, साधने आणि शिक्षण यांचे जाळे विणले जाते आणि पुढे अधिक चांगला पर्याय दिसत असूनही तो एकट्याने स्वीकारणे कोणालाच परवडत नाही. ई-मेलमध्ये हेच झाले. तक्त्यांवर बेतलेली पत्रे सर्वत्र दिसतात म्हणून धाडणारे तक्ते सोडत नाहीत. आणि धाडणारे तक्ते सोडत नाहीत म्हणून साधने सुधारण्याची निकड कंपन्यांना भासत नाही.

अहिल्यानगर-बीड-परळी या नव्या रेल्वेमार्गावरून १७ सप्टेंबर २०२५ रोजी गाडी बीडपर्यंत आली. हा मार्ग शिरूर कासार तालुक्यातील रायमोह्यावरून जातो, आणि तो देशातील इतर मुख्य मार्गांइतकाच रुंद आहे. उशिरा आलेल्या रेल्वेचा हा एक लाभ : कुर्डुवाडीची हमाली या तालुक्याच्या वाट्याला आली नाही. रेल्वेला हे साधले, कारण मार्गाची रुंदी ठरवणारी सत्ता एकच होती. ई-मेलला अशी सत्ता नाही. सीएसएसचे प्रमाण ठरवणारी संस्था आहे. पण पत्र दाखवणाऱ्या साधनाने त्यातले काय पाळावे हे सांगण्याचा अधिकार तिला नाही. म्हणून येथे मार्ग एकसारखा होण्याची वाट पाहत बसण्यापेक्षा, दोन्ही मार्गांवर धावेल असा डबा बांधणे अधिक व्यवहार्य ठरते.

नवे घ्यावे, पण थराथराने

तसा डबा बांधता येतो. त्याचे सूत्र असे की पत्र थरांनी रचावे. तळाशी केवळ अर्थ असावा : मथळा मथळा म्हणून, परिच्छेद परिच्छेद म्हणून, तक्ता तक्ता म्हणून, आणि सर्व मजकूर ज्या क्रमाने वाचायचा त्याच क्रमाने. हा थर कोणत्याही सजावटीशिवाय वाचता आला पाहिजे. त्यावर दुसरा थर जुन्या, सर्वत्र चालणाऱ्या वेशसूचनांचा : रंग, अक्षराचा आकार, घराच्या आतील मोकळी जागा. या सूचना प्रत्येक घटकापाशीच लिहाव्यात, म्हणजे आरंभीचा सूचनांचा खंड गाळला गेला तरी त्या टिकतात. तिसरा थर आधुनिक सीएसएसचा : पडद्याप्रमाणे बदलणारी मांडणी, गोल कोपरे, रात्रीच्या काळ्या पार्श्वभूमीसाठी वेगळे रंग. हा थर ज्याला कळेल त्याने दाखवावा, ज्याला कळणार नाही त्याने सोडून द्यावा. पण सोडल्याने खालचे काही कोसळू नये.

यात काही पथ्ये पाळावी लागतात. जीमेलला आरंभीच्या खंडात काही अनोळखी रचना आढळल्या तर ते तेवढा भाग न टाकता संपूर्ण खंडच टाकून देते. म्हणून धाडसी सूचना वेगळ्या खंडात ठेवणे श्रेयस्कर. दोन स्तंभांची मांडणी हवी असेल तर ती अशी असावी की जागा असेल तेव्हा दोन्ही भाग शेजारी बसतील आणि जागा नसेल तेव्हा आपोआप एकाखाली एक येतील. त्यासाठी पडद्याची रुंदी विचारण्याचीही गरज पडत नाही. जुन्या आउटलुकसाठी केवळ त्यालाच दिसणारा तक्ता आत दडवण्याची युक्ती आहे. मांडणीसाठी म्हणून जो तक्ता वापरावा लागतो, त्यावर ‘हा केवळ मांडणीसाठी’ अशी खूण करावी, म्हणजे अंध वाचकाला पत्र वाचून दाखवणारे साधन त्याच्या ओळी आणि स्तंभ मोजत बसणार नाही.

अर्थात या ठिगळांचा भार असतो. जीमेल साधारण १०२ किलोबाइटपेक्षा मोठे पत्र मध्येच तोडते आणि उरलेला भाग पाहण्यासाठी वेगळा दुवा देते. शेवटची तारीख, सही, संपर्काचा पत्ता, या गोष्टी बहुधा पत्राच्या शेवटीच असतात. सजावटीच्या सूचना वाढत गेल्या की कात्री नेमकी त्यांच्यावर चालते. वेश वाढला म्हणून अर्थ कापला गेला, असे हे उदाहरण आहे.

देवनागरीचा वेगळा हिशेब

मराठी पत्राच्या बाबतीत काही गोष्टी अधिक लक्षात घ्याव्या लागतात, आणि इंग्रजी नमुने समोर ठेवून काम करणाऱ्यांकडून त्या हमखास सुटतात. यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत साधे रोमन अक्षर एका बाइटमध्ये मावते. देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह, मग तो वर्ण असो की काना-वेलांटी, तीन बाइट घेते. ‘शिरूर कासार’ हे नाव रोमनमध्ये १२ बाइटांत लिहिता येते, देवनागरीत त्याला ३१ बाइट लागतात. एवढ्यावरून मराठी महाग पडते असा निष्कर्ष मात्र काढू नये. हजार शब्दांचा मराठी मजकूर वीस किलोबाइटांच्या आसपास भरतो. एखादे साधे छायाचित्रही त्याहून कितीतरी जड असते. भार होतो तो अनावश्यक सजावटीचा, भाषेचा नव्हे.

दुसरी गोष्ट ओळीच्या उंचीची. रोमन अक्षरांच्या हिशेबाने ओळींमधील अंतर घट्ट बांधले की देवनागरीच्या वेलांट्या, मात्रा आणि रफार यांना जागा उरत नाही. जुन्या आउटलुकमध्ये ओळीची उंची ‘नेमकी इतकीच’ अशी ठरवून दिली तर अक्षरांचे माथे अक्षरशः कापले जातात. तिसरी गोष्ट अक्षरांमधील अंतराची. इंग्रजी मथळा देखणा दिसावा म्हणून अक्षरे किंचित दूर सारण्याची पद्धत आहे. मराठी मथळ्याला तीच सूचना दिली की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. मराठीत मोठी-लहान अक्षरे नाहीत, त्यामुळे ती बदलण्याची सूचना येथे निरर्थक आहे. तिरप्या अक्षरांचा वापरही मराठीत बेताचाच शोभतो.

चौथी गोष्ट अक्षरवळणाची, म्हणजे फॉन्टची. मुंबईच्या आयआयटीतील अध्यापक आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी मायक्रोसॉफ्टसाठी घडवलेला ‘मंगल’ हा फॉन्ट विंडोजबरोबर घरोघरी पोहोचला. आज ‘मुक्त’, ‘बलू’ यांसारखे सुंदर आणि मोफत देवनागरी फॉन्ट उपलब्ध आहेत. परंतु पत्रासोबत फॉन्ट धाडण्याची सीएसएसची सोय ॲपलच्या मेलमध्ये चालते, जीमेलमध्ये चालत नाही. म्हणून पत्रात आवडीचा फॉन्ट सुचवावा, मात्र तो मिळणारच नाही असे धरून साध्या फॉन्टमध्येही मांडणी टिकते की नाही हे पाहावे.

पाचवी गोष्ट लहानशी, पण सर्वांत फुकटची. पत्राची भाषा मराठी आहे, ही खूण एचटीएमएलमध्ये दोन अक्षरांनी करता येते. ती केली की अनेक चांगले फॉन्ट हिंदी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ बाजूला ठेवून मराठी वळणाची अक्षरे दाखवतात. याच वळणांचा आग्रह राज्य शासनाच्या २०२२ सालच्या निर्णयातही आहे. शिवाय अंध वाचकाचे साधन त्या खुणेमुळे मजकूर मराठी उच्चारांनी वाचू शकते. वेबवरील सेवा पत्राच्या बाहेरील खुणा पुष्कळदा काढून टाकतात, म्हणून ही खूण आतील मुख्य चौकटीवरही करावी. खर्च शून्य, लाभ निश्चित. तरीही ती क्वचितच केलेली आढळते.

चित्रपत्रांची सोय कोणाची?

या सर्व कटकटींवर आपल्याकडे एक सोपा तोडगा रूढ झाला आहे : सूचना टंकलिखित करायची, तिचे चित्र काढायचे आणि ते चित्र पत्रात चिकटवून धाडायचे. या सवयीला इतिहास आहे. प्रत्येक कंपनीच्या मराठी फॉन्टची अंतर्गत जुळणी वेगळी होती, त्या काळात एका संगणकावरचा मजकूर दुसऱ्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा होऊन दिसे. भारतीय लिपींसाठी १९९१ साली राष्ट्रीय प्रमाण ठरले, युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षी आली. परंतु व्यवहारात ती रुळण्यास बरीच वर्षे गेली. तोपर्यंत चित्र हाच सुरक्षित मार्ग होता. आज हे कारण उरलेले नाही. सवय मात्र उरली आहे.

चित्राचे तोटे वाचकाच्या वाट्याला येतात. बाहेरून आलेल्या पत्रातील चित्रे आउटलुक सहसा परवानगीशिवाय दाखवत नाही. तेथे संपूर्ण सूचनाच कोरी दिसते. मोबाईलवर चित्र मोठे केले की ओळ पडद्याबाहेर जाते आणि बोटाने डावीकडून उजवीकडे सरकवत एकेक ओळ वाचावी लागते. चित्रातील मजकूर शोधता येत नाही, त्यातला अर्जक्रमांक उचलून दुसरीकडे चिकटवता येत नाही, अंध वाचकाचे साधन तो सहसा वाचू शकत नाही. मंद नेटवर्कवर ते उतरण्यास वेळ लागतो. पारदर्शक पार्श्वभूमीवर काळी अक्षरे असतील तर काळ्या पडद्यावर ती नाहीशी होतात. चित्र वापरावयाचेच असेल तर ते शोभेसाठी असावे आणि त्याचा आशय सांगणारा पर्यायी मजकूर त्याच्यासोबत असावा. सूचना मात्र अक्षरांतच असली पाहिजे.

खर्चाचा प्रश्न

येथे मूळ प्रश्न खर्चाच्या वाटणीचा आहे. समजा, सूचना अक्षरांत नीट रचण्यास एका लिपिकाचा एक तास अधिक लागला असता आणि तिचे चित्र करून तो वाचवला. ते पत्र एक हजार विद्यार्थ्यांना गेले आणि प्रत्येकाचे केवळ दोन मिनिट ते उलगडण्यात गेले, तर समाजाचे तेहतीस तासांहून अधिक गेले. ज्यांना ते उलगडलेच नाही त्यांची चौकशी, फेरी आणि चुकलेली मुदत यांचा हिशेब त्यात धरलेला नाही. कार्यालयाच्या जमाखर्चात वाचलेला एक तास दिसतो. खर्च झालेले तेहतीस तास कोणाच्याच वहीत लिहिले जात नाहीत. अर्थशास्त्र ज्याला बाह्य खर्च म्हणते, त्याचे हे शुद्ध उदाहरण होय. आणि अशा खर्चाचा जड वाटा नेहमीप्रमाणे ज्याचे साधन सर्वांत कमकुवत, नेटवर्क सर्वांत मंद आणि कार्यालय सर्वांत दूर, त्याच्याच वाट्याला येतो.

यावर तीन आक्षेप संभवतात. पहिला असा की ही अडचण तात्पुरती आहे; मायक्रोसॉफ्टचे नवे आउटलुक ब्राउझरच्या यंत्रणेवर चालते, तेव्हा थोडे थांबावे. यात तथ्य आहे. परंतु जुन्या आउटलुकला निदान २०२९ पर्यंत आधार देण्याचे त्याच कंपनीने जाहीर केले आहे, आणि सरकारी व निमसरकारी कार्यालयांतील संगणक कंपनीच्या घोषणेच्या दिवशी बदलत नाहीत. शिवाय जीमेलच्या मर्यादा आउटलुकवर अवलंबून नाहीत.

दुसरा आक्षेप असा की एवढा खटाटोप करण्यापेक्षा साधा मजकूरच का धाडू नये? काही पत्रांसाठी हे उत्तर बरोबरही आहे. माइमने तर १९९२ पासूनच साधी आणि सजवलेली अशी दोन्ही रूपे एकाच पत्रात देण्याची सोय केली आहे, आणि ती वापरणे हे शिष्टाचाराचे लक्षण मानले पाहिजे. परंतु शुल्काचा तक्ता, वेळापत्रक, मुदतीची यादी यांना रचनेची गरज असते. योग्य मथळा, पुरेसे अंतर आणि ठळक अक्षरात तारीख, ही सजावट नव्हे. ती वाचकाला केलेली मदत आहे. आधुनिक सीएसएसचा खरा उपयोग येथे आहे. लहान पडद्यावर तीच माहिती मोठ्या अक्षरांत, एका स्तंभात, आडवे न सरकवता वाचता येणे, हा फडावरच्या विद्यार्थ्याला नव्या तंत्राने दिलेला प्रत्यक्ष लाभ आहे. म्हणून नव्याकडे पाठ फिरवणे हेही शहाणपणाचे नाही.

तिसरा आक्षेप असा की आता सर्व काही व्हॉट्सॲपवर येते, ई-मेलचे दिवस गेले. पण व्हॉट्सॲप एका कंपनीच्या मालकीचे आहे. ई-मेल कोणा एकाच्या मालकीचे नाही. ज्याची नोंद राहावी, जे वर्षभराने शोधता यावे, ज्याच्या आधारे हक्क सांगता यावा, ते पत्र खुल्या प्रमाणावर चालणाऱ्या माध्यमात असणे हे लोकहिताचे आहे. खुले माध्यम विस्कळीत असते, ही त्याची किंमत आहे. ती थोडी काळजी घेऊन चुकवता येते.

ही काळजी घेण्यास मोठा निधी लागत नाही. प्रत्येक संस्थेने नेहमीच्या चार-पाच सूचनांचे मराठी साचे एकदा नीट रचून घ्यावेत : वेळापत्रक, शुल्क, मुदत, निकाल, सभा. धाडण्यापूर्वी साचा एका साध्या मोबाईलवरील जीमेलमध्ये, एका जुन्या आउटलुकमध्ये आणि चित्रे बंद ठेवून, असा तीन वेळा पाहावा. तीनही ठिकाणी तारीख, विषय आणि करावयाची कृती कळली तर पत्र उत्तीर्ण समजावे. कोपरे गोल दिसले की चौकोनी, याला गुण नाहीत. संगणकाचे अभ्यासक्रम चालवणाऱ्यांनी विद्यार्थ्यांना संकेतस्थळाच्या जोडीला असे पत्र रचण्यासही शिकवावे. हे काम महानगरात बसूनच करावे लागते असे नाही. उलट कमकुवत साधन आणि मंद नेटवर्क म्हणजे काय, हे ज्याला रोजच्या अनुभवाने ठाऊक आहे, तो तालुक्यातील विद्यार्थीच ते अधिक चोख करील.

नवे तंत्र वापरावे की जुने, असा वाद या विषयात वारंवार घातला जातो आणि तो चुकीच्या जागी घातला जातो. तंत्र नवे असण्याला हरकत नाही; वाचकाचे समजणे त्या तंत्रावर विसंबून नसावे, एवढीच अट आहे. ज्याला सर्वांत कमी दिसते त्यालाही पत्रातले आवश्यक ते सर्व कळले पाहिजे, आणि ज्याला अधिक दिसते त्याला ते अधिक सुखाने वाचता आले पाहिजे. पिनकोडाने पत्र शिरूर कासारच्या माणसापर्यंत पोहोचवण्याचे काम अर्ध्या शतकापूर्वी केले. ते त्याला वाचता येईल असे लिहिण्याचे काम धाडणाऱ्याचे आहे, आणि ते दुसऱ्या कोणावर ढकलता येण्यासारखे नाही.